विमानाचे अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ : बेळगाव-निपाणी भागात दर्शनास येणाऱ्या भाविकांसाठी माहिती

॥ श्री ॥



आपल्या संकेतस्थळावरील 'येथे कसे यावे' या पानावर अनेक वर्षे एक ओळ होती : 'मुंबईहून बेळगाव विमानाने सव्वा तास.' ही ओळ आम्हीच लिहिली होती. तीत खोटे काही नव्हते. परंतु तेवढ्याच माहितीवर विसंबून निघालेल्या एका कुटुंबाची जी निराशा झाली, ती पाहिल्यावर विश्वस्त मंडळाने ती ओळ काढून टाकण्याचे ठरविले आणि तिच्या जागी सविस्तर माहिती देण्याचे काम आमच्याकडे सोपविले. प्रस्तुत लेख त्यासाठी आहे.

घडले ते असे. गेल्या वार्षिक उत्सवात मुंबईचे एक कुटुंब नवसाच्या अभिषेकासाठी आले. सोबत ऐंशी पार केलेल्या मातोश्री होत्या. नवस त्यांचाच होता. सकाळी साडेआठचे विमान, पावणेदहाला बेळगाव, साडेदहापर्यंत देवळात आणि संध्याकाळच्या विमानाने परत, असा बेत त्यांनी आमचे पान वाचून आखला होता. विमान पाऊण तास उशिरा आले. पुढे सामान, गाडी आणि रस्ता. मंडळी पायऱ्यांशी पोहोचली तेव्हा साडेबारा वाजले होते. दुपारची महापूजा आटोपून बारा वाजता गाभाऱ्याचे दार बंद होते आणि चार वाजता उघडते, हा येथील पूर्वापार नियम आहे. चारपर्यंत थांबावे तर परतीचे विमान चुकणार. शेवटी मातोश्रींनी सभामंडपातूनच बंद दाराला हात जोडले. त्यांच्या चिरंजीवांच्या हातात आमच्या पानाची छापील प्रत होती. ते रागावले नाहीत. 'आम्हीच हिशेब नीट करायला हवा होता,' एवढेच म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या नावे अभिषेक करून प्रसाद टपालाने पाठविला. परंतु ज्यांचा नवस, त्या समोर नव्हत्या.

तो हिशेब नीट कसा करावा, हे पुढे क्रमाने दिले आहे.

१. हवाई अंतर म्हणजे काय?

दोन गावांमधील अंतर दोन प्रकारे सांगितले जाते. एक रस्त्याचे, म्हणजे वळणे, घाट आणि पूल धरून चाकाखालून जाणारे. दुसरे हवाई, म्हणजे पृथ्वीच्या पाठीवरून दोन बिंदू जोडणाऱ्या सर्वांत जवळच्या रेषेचे. पृथ्वी गोल असल्यामुळे ही रेषा सपाट नकाशावर सरळ दिसेलच असे नाही. घरातील पृथ्वीच्या गोलावर मुंबई आणि न्यूयॉर्क या दोन ठिकाणी दोऱ्याची टोके धरून दोरा ताणून पाहावा. तो अरबी समुद्रावरून सरळ पश्चिमेकडे न जाता वर उत्तरेकडे सरकतो. अमेरिकेची विमाने एवढ्या उत्तरेकडून का जातात, असे पुष्कळांना वाटते. त्याचे कारण हेच.

विमानाच्या व्यवहारात अंतर नॉटिकल मैलांत मोजतात. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ कि.मी. या लेखात सर्व अंतरे किलोमीटरमध्ये दिली आहेत.

हवाई अंतर आणि रस्त्याचे अंतर यांतील तफावत आपल्या भागात चांगली अनुभवास येते, कारण मध्ये सह्याद्री आहे. गोव्याच्या मोपा विमानतळापासून संकेश्वरपर्यंत सरळ रेषा नव्वद किलोमीटरच्या आतच भरते. परंतु सावंतवाडी, आंबोली घाट, आजरा, गडहिंग्लज असे येताना रस्ता सव्वाशे ते दीडशे किलोमीटर होतो आणि पावसाळ्यात आंबोलीच्या धुक्यात गाडी हळूच हाकावी लागते. याउलट बेळगाव ते पुणे हा भाग बहुतांशी पठाराचा आहे. तेथे सरळ रेषा सुमारे ३१० कि.मी. आणि रस्ता सुमारे ३४० कि.मी. इतकाच फरक पडतो.

२. आपल्या जवळचे दोन विमानतळ

आपले देवस्थान निपाणी आणि संकेश्वर यांच्या दरम्यान, तवंदी घाटाच्या दक्षिणेस आहे. त्यामुळे आपल्याला एक नव्हे, दोन विमानतळ उपयोगी पडतात. पुष्कळ भाविकांना यांपैकी एकच ठाऊक असतो.

बेळगाव (सांबरा) : शहरापासून पूर्वेस सुमारे १० कि.मी. अंतरावर सांबरा गावाजवळ हा विमानतळ आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ साली ब्रिटिश हवाई दलाने तो बांधला. उत्तर कर्नाटकातील हा सर्वांत जुना विमानतळ होय. डिसेंबर १९६१ मध्ये गोवामुक्तीची लष्करी कारवाई झाली तेव्हा सैन्याची मोठी जमवाजमव बेळगावात झाली होती आणि पुण्याबरोबरच सांबऱ्याच्या धावपट्टीचाही हवाई दलाने वापर केला. हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र आजही येथे आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये नूतनीकरण झालेल्या प्रवासी इमारतीचे उद्घाटन झाले. धावपट्टीही वाढविण्यात आल्याने मोठी विमाने उतरण्याची सोय झाली. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे अडीच हजार फूट आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाल्याने तिकिटांवर तेच नाव असते. विमानतळाचे सांकेतिक अक्षर मात्र 'आयएक्सजी' आहे.

कोल्हापूर (उजळाईवाडी) : छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकीर्दीत जानेवारी १९३९ मध्ये हा विमानतळ सुरू झाला. म्हणजे वयाने तो सांब्ऱ्यापेक्षाही तीन वर्षांनी मोठा. मध्यंतरी अनेक वर्षे प्रवासी सेवा अधूनमधून चाले आणि बंद पडे. केंद्र शासनाच्या 'उडान' योजनेतून एप्रिल २०१८ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. नव्या प्रवासी इमारतीचे उद्घाटन १० मार्च २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते दूरदृश्य प्रणालीद्वारे झाले. हा विमानतळ पुणे-बेळगाव महामार्गाच्या लगत आहे, त्यामुळे निपाणीकडे येताना कोल्हापूर शहरात शिरावेच लागत नाही. सांकेतिक अक्षर 'केएलएच'.

दोन्ही विमानतळांमधील सरळ अंतर सुमारे ९५ कि.मी. आहे. निपाणीहून उजळाईवाडी रस्त्याने सुमारे ३५ कि.मी. आणि सांबरा सुमारे ८५ कि.मी. पडते. आपल्या देवस्थानापासून ही अंतरे अनुक्रमे सुमारे ५० आणि ७० कि.मी. धरावीत. उजळाईवाडीहून गाडीने एक तास आणि सांबऱ्याहून दीड तास लागतो. महामार्गावर गेली काही वर्षे सहापदरीकरणाची कामे चालू असल्याने वळणरस्ते येतात. त्यासाठी वीस मिनिटे हातची ठेवावीत.

३. प्रमुख शहरांपासून अंतरे

पुढील हवाई अंतरे विमानतळापासून विमानतळापर्यंतची असून ती जवळच्या पाच किलोमीटरच्या पटीत दिली आहेत. रस्त्याची अंतरे ठोकळमानाची आहेत.

मुंबई ते बेळगाव : हवाई ४०५ कि.मी., रस्त्याने सुमारे ४८५ कि.मी.
मुंबई ते कोल्हापूर : हवाई ३१० कि.मी., रस्त्याने सुमारे ३८० कि.मी.
पुणे ते बेळगाव : हवाई ३१० कि.मी., रस्त्याने सुमारे ३४० कि.मी.
बंगळूर ते बेळगाव : हवाई ४४५ कि.मी., रस्त्याने सुमारे ५०० कि.मी.
हैदराबाद ते बेळगाव : हवाई ४३५ कि.मी., रस्त्याने सुमारे ५०० कि.मी.
अहमदाबाद ते बेळगाव : हवाई ८२५ कि.मी.
दिल्ली ते बेळगाव : हवाई १,४३० कि.मी.
गोवा (दाभोळी) ते बेळगाव : हवाई १०० कि.मी. मध्ये घाट असल्याने रस्ता बराच लांब.

वरील यादीत शहराचे नाव आहे म्हणजे तेथून रोज थेट विमान आहे, असे कृपया समजू नये. छोट्या विमानतळांवरील फेऱ्या दर हंगामात बदलतात. सुरू झालेली फेरी बंद होते, रोजची आठवड्यातून तीन दिवस होते. म्हणूनच आम्ही येथे विमानांचे क्रमांक व वेळा मुद्दाम दिलेल्या नाहीत. तिकीट काढताना त्या दिवसाचे वेळापत्रक पाहावे.

४. चारशे किलोमीटरला सव्वा तास का?

जेट विमान ताशी आठशे किलोमीटरच्या आसपास वेगाने जाते. त्या हिशेबाने मुंबई-बेळगाव अर्ध्या तासात व्हावयास हवे. लहान मार्गांवर चालणारी पंख्याची (एटीआर) विमाने ताशी सुमारे पाचशे किलोमीटरने जातात. त्यांना पन्नास मिनिटे पुरावीत. प्रत्यक्षात दोहोंच्याही वेळापत्रकात सव्वा तासाच्या आसपासच वेळ छापलेला असतो. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे.

वेळापत्रकातील वेळ ही आकाशातील वेळ नसते. विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभे राहीपर्यंतचा सगळा वेळ तीत धरलेला असतो. मुंबईच्या जुन्या विमानतळावर दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी विमाने सोडता येत नाहीत आणि रांग लागते. उड्डाणानंतर उंची गाठेपर्यंत व उतरताना वेग कमी करेपर्यंत विमान पूर्ण वेगाने जात नाही. चारशे किलोमीटरच्या प्रवासात चढणे आणि उतरणे यांतच निम्मी वाट संपते. म्हणून जवळच्या प्रवासात जेट आणि पंख्याचे विमान यांच्या वेळेत फारसा फरक राहत नाही. अंतर वाढते तसा जेटचा वेग उपयोगी पडू लागतो. दिल्ली साडेतीन पट दूर असूनही तेथून बेळगावला येण्यास सुमारे दोन तास चाळीस मिनिटे, म्हणजे मुंबईच्या दुपटीहून थोडाच अधिक वेळ लागतो.

५. घरापासून गाभाऱ्यापर्यंत

भाविकाच्या दृष्टीने मोजावयाचा वेळ हा आहे. ठाणे किंवा डोंबिवलीकडील एका कुटुंबाचा मुंबई-बेळगाव विमानाने होणारा प्रवास उदाहरणादाखल मांडतो.

घर ते विमानतळ : १ तास ३० मिनिटे
उड्डाणापूर्वी विमानतळावर हजेरी : २ तास
विमान : १ तास १५ मिनिटे
सामान घेऊन बाहेर येणे व गाडी मिळणे : ३० मिनिटे
सांबरा ते देवस्थान : १ तास ३० मिनिटे
एकूण : ६ तास ४५ मिनिटे

यात भक्तनिवासात स्नान, सोवळे व दर्शनाची रांग यांसाठी एक तास मिळवावा, म्हणजे पावणेआठ तास होतात. यांपैकी विमानात बसण्याचा वेळ सव्वा तासच आहे. आमच्या जुन्या पानावर तेवढाच होता.

आता प्रत्येक शहराचा थोडक्यात विचार करू.

मुंबई : स्वतःच्या गाडीने, वाटेत चहाजेवणासह आठ ते नऊ तास लागतात. विमानाने पावणेसात. म्हणजे वाचतात दोन तास, आणि विमान उशिरा आले तर तेही नाहीत. कोल्हापूरच्या विमानाने आल्यास सुमारे सहा तासांत पोहोचता येते. निपाणी परिसरासाठी मुंबईकरांनी प्रथम कोल्हापूरचे विमान पाहावे आणि ते नसल्यास बेळगावचे, असा आमचा सल्ला आहे. ज्यांना रेल्वे मानवते त्यांच्यासाठी महालक्ष्मी एक्सप्रेस आजही उत्तम. संध्याकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून निघून ती सकाळी कोल्हापुरास पोहोचते. वेळ सुमारे अकरा तास, परंतु तो झोपेत जातो आणि सकाळी दर्शनास हातात पूर्ण दिवस असतो. निपाणीला अद्याप रेल्वे नाही, त्यामुळे कोल्हापूरहून पुढे बस किंवा गाडी करावी लागते.

मुंबईच्या भाविकांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाल्यापासून मुंबईला दोन विमानतळ आहेत. तिकिटावर 'बीओएम' लिहिले आहे की 'एनएमआय' हे पाहूनच घरून निघावे. चुकीच्या विमानतळावर पोहोचल्यास दुसऱ्यावर जाईपर्यंत विमान निघून जाईल.

पुणे : पुणेकरांनी विमानाचा विचारच करू नये. निपाणी रस्त्याने सुमारे २७५ कि.मी. असून पाच ते साडेपाच तास पुरतात. बेळगावमार्गे यावयाचे झाल्यास १६ सप्टेंबर २०२४ पासून सुरू झालेली हुबळी-पुणे वंदे भारत रेल्वे उपयोगी पडते. ती रोज नसते, वार पाहावा.

बंगळूर : गाडीने सुमारे दहा तास. विमानाने घरापासून देवस्थानापर्यंत सात तास, कारण देवनहळ्ळीचा विमानतळ शहरापासून बराच दूर आहे. २००८ पूर्वी शहरातील जुन्या विमानतळावरून जाणाऱ्यांना हा त्रास नव्हता. ऑगस्ट २०२५ मध्ये बंगळूर-बेळगाव वंदे भारत सुरू झाली असून ती सुमारे साडेआठ तास घेते. वृद्धांना रेल्वे सुखाची, असा आमच्या सभासदांचा अनुभव आहे.

दिल्ली : येथे मात्र विमानाला तोड नाही. गोवा एक्सप्रेसने बेळगावला येण्यास सुमारे दीड दिवस लागतो, तर थेट विमान असल्यास घरापासून देवस्थानापर्यंत साडेआठ तासांत येता येते. थेट विमान नसेल आणि मुंबई वा बंगळूरला विमान बदलावे लागणार असेल, तर मधला थांबा धरून पूर्ण दिवस मोजावा.

थोडक्यात नियम असा : रस्ता पाच-सहा तासांचा असेल तर रस्ताच बरा. आठ-नऊ तासांचा असेल तर विमान व रेल्वे यांची तुलना करावी. त्याहून अधिक असेल तर विमान.

६. विमानतळावर वेळ जाऊ नये म्हणून

पूजासाहित्यामुळे सुरक्षा तपासणीत खोळंबा होतो, अशी तक्रार अनेकदा येते. काड्यापेटी व कापूर विमानात नेऊ नयेत. ते ज्वालाग्राही आहेत. नारळाविषयी पुष्कळांना कल्पना नसते. अख्खा नारळ हातातील पिशवीत सामान्यतः नेऊ देत नाहीत आणि सुक्या खोबऱ्यालाही तेलामुळे हरकत घेतली जाते. २०२४-२५ च्या शबरीमला यात्रेच्या काळात यात्रेकरूंना नारळ सोबत नेण्याची तात्पुरती मुभा देण्यात आली होती, ती २० जानेवारी २०२५ पर्यंतच होती. येथे देवस्थानाच्या दुकानात नारळ, कापूर, ओटी सर्व मिळते. आणण्याची गरज नाही. परतीच्या प्रवासात प्रसादाचे लाडू व अंगारा खुशाल न्यावा.

ज्येष्ठांसाठी चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच मागावी. लहान विमानांत पायऱ्यांनी चढावे लागते, त्यासाठी मदतनीस लागतो आणि तो ऐन वेळी मिळेलच असे नाही.

७. परदेशातील भाविकांसाठी

परदेशातील मराठी कुटुंबे उत्सवास येतात, हा आम्हास आनंदाचा विषय आहे. त्यांची गल्लत अंतरापेक्षा वारात होते.

दुबई ते मुंबई सुमारे १,९०० कि.मी., विमानास तीन तास. भारताचे घड्याळ दीड तास पुढे.
लंडन ते मुंबई सुमारे ७,२०० कि.मी., विमानास नऊ तास. भारत हिवाळ्यात साडेपाच व उन्हाळ्यात साडेचार तास पुढे.
न्यूयॉर्क परिसर ते मुंबई सुमारे १२,५०० कि.मी., थेट विमानास सुमारे पंधरा तास. भारत हिवाळ्यात साडेदहा व उन्हाळ्यात साडेनऊ तास पुढे.

समजा, हिवाळ्यात सोमवारी रात्री नऊ वाजता न्यूयॉर्कहून विमान सुटले. मुंबईस ते मंगळवारी रात्री साडेदहाला उतरेल. रात्री पुढचे विमान नसल्यास मुक्काम करावा लागेल आणि बुधवारी दुपारनंतर देवस्थानात पोहोचता येईल. म्हणजे गुरुवारच्या सकाळच्या पूजेसाठी सोमवारी निघणे हा शेवटचा दिवस झाला. आमचा आग्रह शनिवार किंवा रविवारचा राहील.

उत्सवाची तिथी येथील सूर्योदयाप्रमाणे धरली जाते. परदेशात छापलेल्या पंचांगात तीच तिथी एक दिवस अलीकडे असू शकते. तिकीट काढण्यापूर्वी या संकेतस्थळावरील उत्सवपत्रिकेतील तारीखच पाहावी. तसेच परदेशी विमानात जेवढे सामान आणता येते तेवढे देशांतर्गत विमानात चालत नाही. सामान्य तिकिटावर बहुधा पंधरा किलोच नेता येतात. दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर असल्यास सवलत मिळते, ते आधी विचारून घ्यावे.

८. पाऊस, पूर आणि सीमा

जून ते सप्टेंबर या काळात ढग खाली आल्यामुळे विमान उशिरा येणे, दुसऱ्या विमानतळावर वळविले जाणे किंवा फेरी रद्द होणे, हे सांबरा व उजळाईवाडी या दोन्ही ठिकाणी घडते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे नद्या. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मधील महापुरात निपाणीजवळ यमगर्णी येथे वेदगंगेचे पाणी महामार्गावर आले आणि वाहतूक बंद झाली. कोल्हापूरजवळ शिरोली येथेही पंचगंगेने हाच महामार्ग अडविला होता. उजळाईवाडी वेदगंगेच्या उत्तरेस आहे आणि आपले देवस्थान दक्षिणेस. एरवी जवळचा असणारा कोल्हापूरचा विमानतळ अशा दिवसांत आपल्याला तुटतो आणि लांबचा सांबराच जवळचा ठरतो. त्याही वाटेवर हिरण्यकेशी व घटप्रभा आहेत. म्हणून मुसळधार पावसाच्या दिवसांत निघण्यापूर्वी कार्यालयात दूरध्वनी करून रस्त्याची चौकशी अवश्य करावी.

कोल्हापूरकडून येताना कागल ओलांडले की राज्य बदलते. बहुतेक दिवस ही सीमा प्रवाशाच्या लक्षातही येत नाही. परंतु २०२१ मध्ये कोरोनाच्या काळात कोगनोळी नाक्यावर तपासणी अहवालाविना प्रवेश मिळत नव्हता आणि डिसेंबर २०२२ मध्ये सीमाप्रश्नावरून तणाव वाढला तेव्हा दोन्ही राज्यांच्या बसफेऱ्या काही काळ थांबल्या होत्या. विमानतळावरून भाड्याची गाडी करताना तिला दुसऱ्या राज्यात जाण्याचा परवाना आहे ना, एवढे विचारून घ्यावे. देवाच्या दारी दोन्ही राज्यांचे आणि दोन्ही भाषांचे भाविक एकाच रांगेत उभे असतात. वाटेत मात्र कागदपत्र जवळ असलेले बरे.

९. विश्वस्त मंडळाचा निर्णय व विनंती

वरील सर्व बाबींचा विचार करून मंडळाने पुढील गोष्टी ठरविल्या आहेत.

(अ) 'येथे कसे यावे' या पानावर यापुढे केवळ विमानाचा वेळ न देता घरापासून गाभाऱ्यापर्यंतचा वेळ दिला जाईल.

(आ) सकाळच्या अभिषेकासाठी बाहेरगावाहून येणाऱ्यांनी आदल्या दिवशी मुक्कामास यावे. अभिषेकाची पावती दाखविल्यास भक्तनिवासात त्या रात्रीची खोली प्राधान्याने दिली जाईल.

(इ) त्याच दिवशी विमानाने येऊन त्याच दिवशी परतावयाचे असल्यास सकाळचा नव्हे, सायंकाळचा अभिषेक नोंदवावा आणि परतीचे तिकीट दुसऱ्या दिवसाचे काढावे.

(ई) विमान उशिरा असल्यास विमानतळावरूनच कार्यालयात कळवावे. गाभाऱ्याची वेळ कोणासाठीही बदलता येत नाही, परंतु आधी कळल्यास पूजेचा क्रम मागेपुढे करता येतो. त्या दिवशी दहा वाजता आम्हाला कळले असते तर चारच्या अभिषेकाची तयारी ठेवून त्या कुटुंबास थांबण्याचा आग्रह करता आला असता. कार्यालयाचा क्रमांक पावतीवर ठळक छापण्याची व्यवस्था आता केली आहे.

पूर्वी पायी आणि बैलगाडीने येणारे भाविक यात्रेच्या आदल्या दिवशीच नदीकाठी उतरत, रात्री भजन करीत आणि पहाटे स्नान करून काकड आरतीस उभे राहत. त्यांची पूजा चुकल्याचे आमच्या जुन्या दप्तरात कोठे आढळत नाही. प्रवासाची साधने आज पुष्कळ वेगवान झाली आहेत. आदल्या दिवशी येण्याची ती रीत मात्र सर्वांनी पाळावी, ही नम्र विनंती.

त्या मातोश्रींना आम्ही पुढील उत्सवाचे निमंत्रण पाठविले आहे. त्यांच्या चिरंजीवांनी रेल्वेचे आरक्षण करून आदल्या दिवशीच पोहोचणार असल्याचे कळविले आहे. त्यांची खोली राखून ठेवली आहे.



विश्वस्त मंडळाच्या वतीने,
सचिव